नुसतं फिरायला

सिन्नरहून येणाऱ्या एसटीतून तेजल दोंदे नेहमीसारखी पर्स पोटाशी धरून नाशिक रोडला उतरली, चालत कॉलनीच्या कोपऱ्यावर आली, आणि समोर तिला ती स्वतःच दिसली. विजेच्या दोन खांबांना बांधलेल्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर. लग्नातला फोटो होता, पांढरी साडी नेसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारी नवरा धम्मपाल. खाली दोन्ही पोरं, त्यात बंटीच्या डोक्यावर वाढदिवसाची चमकी लावलेली टोपी तशीच. आणि वर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: 'बुद्धजयंतीनिमित्त श्रीलंका धम्मयात्रेस प्रस्थान करणाऱ्या दोंदे परिवारास हार्दिक मंगलकामना!' त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीनं. पाण्याचे जार पोचवणाराही त्यात होता.

धम्मयात्रा? कुणाची धम्मयात्रा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात, हातात भाजीची पिशवी घेऊन ती त्या फ्लेक्सकडं अशी बघत उभी राहिली की शेजारून जाणाऱ्या एका बाईला वाटलं, ही आनंदानं बघतेय. "छान आलाय हं फोटो, मॅडम," ती बाई म्हणाली. तेजलनं दात दाखवले आणि चालायला लागली.

आता ही तेजल कोण, ते सांगायला हवं, नाहीतर एवढं रागवायला काय झालं असं कुणालाही वाटेल. वय छत्तीस. सिन्नरच्या पुढं एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. सकाळी पोरं झोपेत असताना घर सोडायचं, संध्याकाळी पोरं पेंगुळलेली असताना घरात शिरायचं. मोठी पारमी सहा वर्षांची, धाकटा बंटी तीनचा. तेजल शाळेत चाळीस पोरांची शेंबडं पुसायची, आणि तिची स्वतःची दोन सासूच्या, विठाबाईंच्या, हाताखाली वाढत होती. घरात सगळे विठाबाईंना आई म्हणत, म्हणून बंटीही त्यांना आई म्हणायचा. आणि तेजलला सगळे तेजल म्हणत, म्हणून तोही 'तेजल' म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची. पण एकदा त्याला ताप आला होता, तिनं त्याला मांडीवर घेतलं, तर त्यानं तिच्या हाताला झटका दिला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आईला बोलव." ते तिला लागलं. फार लागलं.

त्याच आठवड्यात तिनं ठरवलं, दहा-बारा दिवस कुठंतरी लांब जायचं. इतकं लांब, की रविवारी कुणी लग्नाला बोलावणार नाही, शाळेतून जनगणनेच्या कामाला फोन येणार नाही, आणि बंटी रडला तर त्याला घ्यायला तिच्याशिवाय कुणी नसेल. एवढंच तिला हवं होतं. हिंडणं-बिंडणं त्यामागून आलं.

पण ठरवलं म्हणजे काय, बाईनं त्यावर वर्षभर डोकं लावलं. एसटीत खिडकीशी बसून रोज मोबाईलवर वाचायची. श्रीलंका घेतली, कारण विमानात फार वेळ नाही आणि खायला भात मिळतो. ठिकाणं तीनच. पहिलं निगोंबो, विमानतळाच्या उशाशी, म्हणजे उतरलं की पोरांना अंथरुणात टाकता येईल. मग कँडी, तिथं तळं आहे, थंड हवा आहे, आसपास हत्ती आहेत. आणि शेवटी पूर्वेचा किनारा, पासिकुडा. मे महिन्यात पश्चिमेचा समुद्र खवळायला लागतो, पूर्वेचा शांत असतो, आणि पासिकुड्याला तर लांबपर्यंत गुडघाभरच पाणी, पोर सोडलं तरी चालतं, हे तिनं शोधून काढलं होतं. प्रत्येक ठिकाणी निदान तीन रात्री. खोलीला लागून ओटा हवाच, म्हणजे मुगाची खिचडी टाकता येईल. बंटीच्या दुपारच्या झोपेला कुणी हात लावायचा नाही. लांबचा प्रवास असेल त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही. आणि सकाळी नऊच्या आत कुणी 'चला, आवरा' म्हणायचं नाही.

हे शेवटचं तर तिच्या जिवाभावाचं कलम होतं. तिच्या माहेरी काय, सासरी काय, प्रवास म्हणजे तीस माणसं, एक टेम्पो, भल्या पहाटे आंघोळ आणि "चला, आवरा, गाडी सुटंल." नागपूरला गेले, महाडला गेले, अजिंठ्याला गेले. गेल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं, उलट अभिमानच होता. पण नागपूरचं तिला आठवायचं काय, तर रांग, आणि पुढच्या बाईच्या पाठीवरचं बटण.

बरं, एवढं सगळं जुळवून आणलं, नवऱ्याची रजा मंजूर झाली, परदेशी जायची खात्याची परवानगी आली, तिकिटं निघाली. आणि माती कुणी खाल्ली? धम्मपालनं. नोटप्रेसमध्ये कामाला, माणूस सरळ, बायकोवर जीव, पण वडिलांसमोर गेला की याची शेळी होते. आबा, म्हणजे जयराम दोंदे, तिचे सासरे, संध्याकाळी चहा पीत होते. यानं सहज सांगितलं, "आबा, आम्ही मे महिन्यात श्रीलंकेला चाललोय." तारखा सांगितल्या. आबांनी कप खाली ठेवला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, बोट फिरवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी," त्यांनी तेजलला हाक मारली, "बुद्धपौर्णिमा साधलीस गं तू!"

तेजल गारच पडली. समुद्र बघितला, पाऊस बघितला, बंटीची झोप बघितली, आणि पौर्णिमा बघायची राहिली! बौद्धाच्या घरात जन्मली, बौद्धाच्याच घरात दिली, दरवर्षी पौर्णिमेला खीर करते, आणि श्रीलंकेची तिकिटं काढताना वैशाखी पौर्णिमा डोक्यात आली नाही. शेजारच्या कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. आबांचा तर बसलाच नाही. त्यांच्या लेखी सुनेनं मुहूर्त धरून बेत आखला होता आणि विनयानं गप्प राहिली होती.

आबांवरही एकदम चिडता येत नाही, ही खरी अडचण. या माणसानं प्रेसमधली पाळी संपवून, संध्याकाळी स्वतःच्या हातानं विटा वाहून कॉलनीतला विहार उभा केला. दारू कधी शिवला नाही, मुलाला शिकवलं, सुनेला नोकरी सोड असं एकदाही म्हटलं नाही. पण मनात एखादी गोष्ट आली की ती गोष्ट सगळ्यांच्याच मनात आहे असं धरून चालायचं, हा त्यांचा स्वभाव. विचारायची पद्धतच नाही. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी विहारात उभं राहून जाहीर केलं, "आमच्या सूनबाई परिवारासह श्रीलंकेला धम्मयात्रेला निघताहेत." सगळ्यांनी तीन वेळा 'साधु' म्हणून साधुकार दिला. तेजल त्या वेळी घरी शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत होती. तिला ते फ्लेक्स लागल्यावर कळलं.

ती घरात शिरली आणि भाजीची पिशवी आपटली.

"ते चौकात काय लावलंय?"

धम्मपाल सांडलेली भाजी गोळा करायला लागला. आबाच बोलले, "पोरांनी हौसेनं लावलंय. आपल्या विहाराच्या गांगुर्ड्यांनी पुढाकार घेतला." आणि लगेच त्यांनी चष्मा चढवून नकाशा पसरला. "हे बघ. कँडीहून तुझ्या त्या समुद्राकडं जाताना डंबुला वाटेतच. पोलोन्नरुवा तर अगदी वाटेतच. आणि अनुराधापूर थोडं वर. एवढं गेल्यावर तिथल्या महाबोधी वृक्षाचं दर्शन नाही घ्यायचं? पौर्णिमेला तिथं असलं पाहिजे."

"आबा, तो 'थोडं वर' म्हणजे आणखी तीन-चार तास आहेत. बंटीला गाडी लागते."

"बंटीला आई सांभाळतील की."

"आई?"

"मी आणि तुझी आई येतोय ना. पासपोर्ट आहेतच, गेल्या वर्षी काढलेले. गांगुर्डे आणि वहिनीही म्हणतात यायचं. तिकीट त्यांचं ते काढतील, तू काळजी करू नको."

स्वयंपाकघरात विठाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. तेजलला वाटलं, झालं, हे सगळं आतून ठरलेलंच आहे. हिला नातू एक दिवस सोडवत नाही. तिनं सासूच्या पाठीकडं रागानं बघितलं आणि हात धुवायला गेली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला सुमार नाही. गांगुर्डे काका, विहाराचे सचिव, रोज संध्याकाळी हातात घडी केलेला कागद घेऊन यायचे आणि त्यावर एक ठिकाण वाढलेलं असायचं. महिला मंडळातल्या मंगलाबाई टेप घेऊन आल्या आणि पारमीच्या, बंटीच्या मापाचे पांढरे कपडे शिवायला घेतले. "पौर्णिमेला पोरं कशी बगळ्यासारखी दिसली पाहिजेत," म्हणाल्या. कुणी म्हणालं, तिथून बोधिवृक्षाची फांदी आणा. कुणी म्हणालं, येताना विहारासाठी मूर्ती आणा, फार मोठी नको, हातभर बास. हातभर! आणि आल्यावर विहारात अनुभवकथन ठेवायचं, त्याची तारीखसुद्धा ठरली. माणूस अजून घरातून निघाला नाही, आणि आल्यावर काय सांगायचं ते तयार.

शाळेत जावं तर तिथं चैताली मॅडम. मागच्या वर्षी नवरा-पोरांना घेऊन दुबईला गेल्या होत्या. आल्या तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, वाळवंटात गाडी कशी उडाली, खजूर कुठला आणला. कशासाठी गेला होता, असं एका माणसानं विचारलं नाही. चैताली मॅडम डबा उघडत तेजलला म्हणाल्या, "अय्या, श्रीलंका! बरोबर, तुमचं सगळं तिकडंच असतं ना."

"आमचं काय असतं?" तेजलनं विचारलं.

"नाही, म्हणजे तुमचं देवस्थान वगैरे."

"मॅडम, आम्ही समुद्रावर चाललोय. तुम्ही दुबईला कुठल्या देवस्थानाला गेला होता?"

चैताली मॅडम हसल्या, "किती पटकन राग येतो गं तुला," म्हणाल्या आणि लोणच्याची फोड चोखायला लागल्या. मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्र खाली करून विचारलं, "म्हणजे कार्यक्रम नाही का काही तिथं?" तेजलचा घास तोंडात फिरायला लागला. घरचे म्हणतात यात्रा, बाहेरचे म्हणतात यात्रा. आपण नुसती मजा करायला जाऊ शकतो, हे घरच्यांनाही पटत नाही आणि बाहेरच्यांनाही नाही. बाकीच्यांनी जावं, आइस्क्रीम खावं, वाळूत लोळावं, परत यावं. आपण गेलो की कपाळावर काहीतरी उद्देश चिकटलेलाच असला पाहिजे! खेड्यातून परत येताना एसटीत ती एकटीच पुटपुटत होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं जरा सरकून घेतलं.

त्या संध्याकाळी तिनं धम्मपालला गच्चीवर नेलं आणि धुतलं.

"तू आबांना सांगणार आहेस की नाही?"

"सांगतो गं. जरा वेळ बघून."

"तुझी वेळ कधी येते? लग्नाला नऊ वर्षं झाली, मी तुझी वेळ बघतेय."

"अगं, त्यांचं वय झालंय. त्यांना किती आनंद झालाय बघ. एक दिवस अनुराधापूरला गेलो तर काय बिघडलं?"

"एक दिवस? गांगुर्डे काकांच्या कागदावर अकरा ठिकाणं झालीत! पहाटे निघायचं, भिक्खूसंघाला भोजनदान द्यायचं, तीन तास गाडी, परत दर्शन. बंटी आईंच्या कडेवर, पारमी गांगुर्डे वहिनींच्या हाताला, आणि मी सगळ्यांच्या पिशव्या मोजत. मग मी शाळेतच राहते ना! तिथं निदान मधली सुट्टी असते."

धम्मपाल वाळत घातलेल्या चादरीकडं बघत उभा राहिला. "मी नाही म्हणू शकत त्यांना," तो शेवटी म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. तेजल खाली निघून आली.

आणि मग आला सत्काराचा दिवस. निघायच्या आधीचा रविवार. विहारात सतरंज्या घातलेल्या, पंखे गरगरताहेत, पुढं बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, हार ताजे. वंदना झाली. गांगुर्डे काकांनी माईक हातात घेतला आणि सोडला नाही. धम्मपालला शाल घातली, तेजलला पुष्पगुच्छ दिला, पारमीला आणि बंटीला मंगलाबाईंनी शिवलेले पांढरे कपडे सगळ्यांसमोर अंगाला लावून दाखवले. टाळ्या. मग आबा उभे राहिले. "माझा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबला. मी मशीनवर राबलो. आणि आज माझी सून विमानानं समुद्र ओलांडून धम्मयात्रेला चाललीय." पुन्हा टाळ्या. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. तेजलचेही भरून आले, कारण बांधावरचं ते खरंच होतं.

"आता सूनबाई दोन शब्द बोलतील," गांगुर्डे काका म्हणाले आणि माईक तिच्या हातात आला.

तिला वाटलं होतं, आभार मानू आणि बसू. खरंच तसं ठरवलं होतं. पण समोर पारमी अवघडून उभी होती, नवे कपडे छातीशी धरून, आणि बंटी लांब मागच्या बाजूला विठाबाईंच्या मांडीत शिरलेला. तिनं बंटीला हातानं "ये" केलं. त्यानं मान हलवली आणि आजीच्या पदरात तोंड घातलं. झालं.

"जय भीम," तेजल म्हणाली. "आबांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. फक्त एक खरं नाही. आम्ही धम्मयात्रेला चाललेलो नाही. आम्ही फिरायला चाललोय. नुसतं फिरायला."

पंखे तेवढे ऐकू यायला लागले.

"मी पौर्णिमा बघून तारीख काढली नाही. समुद्र बघून काढली. मला माझ्या पोरांना पाण्यात खेळवायचंय. दुपारी त्यांच्याबरोबर झोपायचंय. मी कुणालाही सोबत नेणार नाही, आणि फांदी आणि मूर्तीसुद्धा आणणार नाही, कारण मला तिथं ओझी वाहायची नाहीत."

गांगुर्डे काका माईककडं हात नेत हसले, "ताई जरा गमतीत..."

"गमतीत नाही, काका. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आम्ही शिकलो. नोकरीला लागलो. वर्गणी कधी चुकवली नाही, कार्यक्रम कधी चुकवला नाही. शाळेत मी एक शब्द चुकले तर 'यांचं असंच' म्हणतात, म्हणून तिथंही मी चुकत नाही. मी रोज सगळ्यांच्या वतीनं जगते. मला दहा दिवस कुणाच्याच वतीनं जायचं नाही. एवढी मोकळीक आम्हाला अजून मिळाली नसेल तर मग कधी मिळणार?"

तिनं माईक ठेवला. टाळी एकही नाही. मागं कुठंतरी एक तरुण बाई फिसकन हसली आणि तिच्या सासूनं तिला कोपर मारलं. आबा खाली बघत बसले होते. मूर्तीशेजारी बसलेल्या भिक्खूंनी, भंतेजींनी, सावकाश डोळे उघडले आणि म्हणाले, "मंगल असो." काही लोकांना तो आशीर्वाद वाटला, काहींना समज दिल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर आबा खुर्चीत बसले आणि बूटसुद्धा काढले नाहीत. "चारचौघांत लाज काढलीस माझी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

तेजलचं अवसान गेलं. "आबा, तसं नव्हतं मनात. तुम्हाला अनुराधापूरला मी स्वतः घेऊन जाईन दिवाळीत. पण ही सहल माझी आहे. आणि आई आल्या तर बंटी माझ्याकडं बघणारसुद्धा नाही. मला तो थोडे दिवस हवाय, आबा. आईंना त्याच्याशिवाय करमत नाही हे मला कळतं, पण..."

स्वयंपाकघरात पातेलं खाली आदळलं. विठाबाई दारात आल्या. सिन्नरकडच्या खेड्यातली बाई, चाळीस वर्षं शहरात राहून बोली सोडलेली नाही, आणि या घरात तिचा आवाज सहसा कुकरच्या शिट्टीपेक्षा वर जात नाही. आज गेला.

"कुणी सांगितलं तुला, मला करमत नाय?"

"आई, मी..."

"थांब. आधी यांचं." त्या आबांकडं वळल्या. "तुमी म्हनता, 'मी आन तुझी आई येतोय.' मला इचारलं का? पासपोर्ट काढला तवा इचारलं का? माझे गुडघे हे असे. त्या अनुराधापुराच्या पायऱ्या तुमी चढणार आन मी खाली तुमच्या चपला आन बंटी सांभाळत बसणार. नागपूरला काय केलं मी? तीस माणसांच्या भाकऱ्या बांधल्या. अजिंठ्याला गाडीत पोरं सांभाळली. लेण्या मी फोटूत पाहिल्यात, फोटूत!"

आबा म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"तुमी कधी थांबलात?"

मग त्या तेजलकडं वळल्या, आणि तेजल नकळत एक पाऊल मागं सरकली.

"आन तू. तुला वाटतं मी तुझं पोरगं बळकावलं. पाठीत डोळे नसले तरी मला कळतं तू कसं बघती ते. अगं बाई, सहा वर्सं झाली. पारमी झाली, मग बंटी झाला. तू सकाळी जाती, मी पोरं धरती. तू आली की मी भाकरी टाकती. दुपारी मी पाठ टेकली की हा छातीवर चढून बसतो. तुला रजा मिळती, धम्मपालला रजा मिळती, हे तर रिटायरच हायेत. तुझ्या त्या मोबाईलात त्याच्या झोपेची वेळ लिवलीय, तिच्या खाण्याची वेळ लिवलीय. मी हाय का त्यात कुठं?"

वर्षभर तेजलनं सगळ्यांच्या झोपेचा हिशेब केला होता. ही बाई कधी झोपते, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. बाहेर फ्लेक्सवर विठाबाईंचा फोटोसुद्धा नव्हता, आणि तेही आत्ता या क्षणी तिच्या ध्यानात आलं.

"आई, तुम्ही म्हणाल तसं करू," धम्मपाल पुटपुटला.

"मी काय म्हनती ते ऐक मग. तुमी चौघं जा तुमच्या समुद्रावर. आन हो, तुमी," हे आबांना, "त्या गांगुर्ड्यासंगं जा तुमच्या महाबोधीला, भंतेजींचा जथा चाललाय म्हनत होता ना, त्यात जा. मनासारखं दर्शन घ्या. मला घर मोकळं पायजे. एक माणूस नको घरात. मी चहा करून एकटीच पिणार, टीव्ही लावणार आन आडवी होणार. झालं माझं."

आणि त्या आत गेल्या. भाजी करपल्याचा वास येत होता, पण कुणाची आत जायची छाती झाली नाही.

आबा तेजलशी दोन दिवस बोलले नाहीत. जथ्याबरोबर निघायच्या सकाळी मात्र बॅग उचलताना तिच्याकडं न बघता म्हणाले, "पौर्णिमेला पोरांना ते पांढरे कपडे घाल. समुद्रात का होईना." तेजल म्हणाली, "घालते, आबा." तिनं खाली वाकून त्यांच्या बॅगेची चेन लावून दिली. ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईची गाडी दारात आली. फ्लेक्स अजून खांबांना होता, त्याचा एक कोपरा सुटून फडफडत होता. डिकीत सामान गेलं, पारमी खिडकी पकडून बसली. विठाबाई बंटीला कडेवर घेऊन आल्या. त्यानं त्यांच्या मानेला असा विळखा घातला होता की दोघांची तोंडं एकच झाली होती. विठाबाईंनी त्याची बोटं सोडवली, एक सोडवलं की दुसरं बसायचं. शेवटी त्यांनी त्याला उचलून तेजलच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं तोंड लाल झालं होतं. हे रडू आहे की दमणूक, ते तेजलला कळेना, आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही.

"खायला घाल येळच्या येळी," विठाबाई म्हणाल्या आणि वळल्या. हात हलवायला थांबल्या नाहीत. गाडी सुरू व्हायच्या आधी आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मग बंटीनं जो भोंगा काढला तो नाशिकचा द्वारका चौक आला तरी थांबेना. पाथर्डी फाटा गेला, त्यानं पाण्याची बाटली फेकली, बिस्किट फेकलं, तेजलच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं. पारमीनं कानात बोटं घातली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. पुढच्या सीटवरून धम्मपाल वळला, त्याचा चेहरा पार उतरला होता.

"अगं, याला हे झेपत नाही. परत वळू या का? आईला घेऊ बरोबर, तिकीट बघू काहीतरी. निदान फोन तरी लावतो, तिचा आवाज ऐकला की शांत होईल."

बंटीनं तेजलच्या दंडाला कडकडून चावा घेतला. तिच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. तिनं दंड सोडवला नाही, त्याला दुसऱ्या हातानं आणखी जवळ ओढलं.

"फोन ठेव तो," ती म्हणाली. "आई झोपल्या असतील."